कंपवात, ताक आणि कॅप्सूल

मंडळी, आजचा विषय जरा अवघड आहे. अवघड म्हणजे कळायला नव्हे, काढायला. कंपवाताच्या माणसाला भेटायला पाहुणा आला की तो आधी त्याच्या हाताकडे बघतो. "थरथर कमी आहे ना हो आता?" हा ठरलेला प्रश्न. "पोट साफ होते का?" असे मात्र कोणी विचारत नाही. चारचौघांत हे बोलायचे नसते ना! पण ज्याला पार्किन्सन्स आहे त्याला विचारा. हात कापतो त्याची सवय होते, तीन-तीन दिवस कोठा साफ न होण्याची सवय होत नाही.

आमचे थोरले बंधू, म्हणजे तुमच्यापैकी अनेकांचे दादाकाका, गेली आठ वर्षे या आजाराबरोबर राहत आहेत. पुतण्या दर महिन्याला पुण्याहून प्रोबायोटिकच्या कॅप्सूल पाठवतो. वहिनींचे म्हणणे, "घरचे दुभते आहे, रोज ताक होते, मग हे विकतचे जंतू कशाला?" दोघेही दादांच्या भल्याचेच बोलतात. पण घरात दोन तट पडले आहेत, आणि आयुष्यभर शाळेत भांडणे सोडवली म्हणून हा खटला माझ्यापुढे आला आहे. वाचन करून जो निकाल मी लावला तो इथे मांडतो.

पहिली गोष्ट, बद्धकोष्ठ हा या आजाराचाच भाग आहे. रुग्णाच्या खाण्यापिण्याच्या चुकीमुळेच ते होते असे नाही. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ सालच्या आपल्या निबंधातच आतड्यांच्या मंदपणाची नोंद केली होती. आतड्यांना स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते आणि हा आजार त्या जाळ्यालाही धरतो. कित्येकांना तर हात कापायला लागण्यापूर्वी अनेक वर्षे मलावरोध असतो. होनोलुलू येथील पुरुषांच्या एका दीर्घ पाहणीत (२००१) असे दिसले, की ज्यांना रोज एकदाही शौचाला होत नव्हते त्यांना पुढे पार्किन्सन्स होण्याचे प्रमाण, दिवसातून एकदा होणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे पावणेतीन पट होते. २००३ साली जर्मनीतील ब्राक यांनी, हा आजार काही जणांत आतड्यातूनच मेंदूकडे चढत असावा, असा तर्क मांडला. त्यावर अजून वाद चालू आहे. (पोट साफ न होणाऱ्या प्रत्येकाने घाबरू नये बरं का! बहुतेकांना हा आजार होत नाही.)

दुसरी गोष्ट, पोटाचा संबंध थेट गोळीशी आहे. लेवोडोपाची गोळी रक्तात शिरते ती लहान आतड्यातून. जठर सुस्त असेल तर गोळी तिथेच ताटकळत राहते आणि इकडे माणूस खुर्चीतून उठू शकत नाही. घरचे म्हणतात, गोळी लागू पडत नाही, डोस वाढवा. खरे तर गोळी वेळेवर पोचलेलीच नसते.

आता प्रोबायोटिक. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये याची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा, की जंतू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत आणि त्यांचा आरोग्याला फायदा व्हायला हवा. वहिनींच्या ताकात जिवंत जंतू भरपूर असतात, पण विरजणागणिक ते बदलतात, त्यांची जात आणि संख्या ठरलेली नसते. आणि कढी उकळली की तेही संपले! म्हणून ताक हे उत्तम अन्न आहे, पण त्याला औषध म्हणता येत नाही.

मग कॅप्सूलचे काय? २०१६ साली इटलीत १२० रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींना प्रोबायोटिक आणि तंतू घातलेले आंबवलेले दूध दिले, काहींना तसेच दिसणारे साधे. चार आठवड्यांनी पहिल्या गटात पोट पूर्ण साफ होण्याच्या वेळा आठवड्याला सरासरी एकाहून थोड्या जास्त वाढल्या. २०२१ साली मलेशियात ७२ रुग्णांवर कॅप्सूलची चाचणी झाली, तिथेही वाढ साधारण आठवड्याला एक वेळ. कोणी म्हणेल, एवढेच? ज्याला तीन दिवस होत नाही त्याला आठवड्यात एक वेळ जास्त म्हणजे थोडे नव्हे! पण या चाचण्यांचा हेतू पोट सुधारण्याचा होता. कॅप्सूलने कंप जातो, मेंदूची झीज भरून निघते, असे मोबाईलवर फिरणारे निरोप यातून सिद्ध होत नाहीत.

आणखी एक. सगळेच जंतू मित्र नसतात. आतड्यातले काही जंतू लेवोडोपा मेंदूपर्यंत पोचण्याआधीच त्याचे रूपांतर करून टाकतात, असे २०१९ मध्ये दिसून आले. तेव्हा कुठलाही डबा उचलून आणणे बरे नाही. वेष्टनावर जंतूची नेमकी जात, संख्या आणि मुदत छापलेली आहे का ते पाहावे, आणि डॉक्टरांना दाखवूनच सुरू करावे.

तर निकाल असा. कॅप्सूल चार आठवडे घ्यावी आणि रोजची नोंद वहीत ठेवावी. फरक दिसला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे चालू, नाही दिसला तर बंद. वर्षानुवर्षे श्रद्धेने पैसे घालू नयेत. ताकही चालू राहू दे, पण गोळीबरोबर नको. दुधातली प्रथिने लेवोडोपाच्या वाटेत आडवी येतात. गोळी जेवणाआधी अर्धा तास पाण्याबरोबर, ताक जेवणात. उत्रोलीच्या घरात कुणाला याहून सोपे वेळापत्रक हवे असेल तर मी फळ्यावर लिहून देईन.

पण खरे सांगायचे तर कॅप्सूल की ताक, या वादात मुख्य गोष्ट बाजूला पडली होती. दादा संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हते! रात्री उठावे लागते, अंधारात तोल जातो, वहिनींना उठवायचे जिवावर येते. पाणी नाही तर कोठा कुठून साफ होणार? इसबगोलसुद्धा भरपूर पाण्याशिवाय घेतला तर उलटा अडकतो, आणि ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी तो विचारल्याशिवाय घेऊच नये. आता दादांचे बहुतेक पाणी दुपारपर्यंत पिऊन होते. न्याहारीनंतर ठरलेल्या वेळी कमोडवर बसायचे, पायांखाली पाट ठेवायचा म्हणजे गुडघे वर येतात. मग अंगणात फेऱ्या. यातल्या कशालाही पैसा लागत नाही. लागते ते कोणाचे तरी लक्ष.

आपल्याकडून पुण्याला जायचे म्हणजे एसटीने दिवस जातो. तिथे डॉक्टरांसमोर मिळालेल्या पाच-दहा मिनिटांत सगळे बोलणे हाताचे होते, पोटाचे राहून जाते. म्हणून कागदावर पहिल्या ओळीत पोट लिहून न्या. पुण्यातले पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना एकत्र आणते. अशा ठिकाणी हा विषय न लाजता निघू शकतो. घरात मुलगा-सून समोर असताना जे तोंडातून येत नाही ते तशाच दुसऱ्या माणसाजवळ सहज बोलता येते.

उपाय अनेक आहेत, पण तक्रार बोलून दाखवली तरच ते मिळतात. आपल्या घरातले म्हातारे माणूस ती बोलणार नाही, संकोचाने गप्प राहील. विचारायचे काम आपले आहे. तेव्हा पुढच्या वेळी दादांना भेटायला याल तेव्हा हाताकडे नंतर बघा. आधी जवळ बसा आणि हळूच विचारा, पोट कसे आहे? लाजतील थोडे, पण सांगतील.