कांदळवन कोणाचे?

कांदळवने वाचवायची तर प्रथम ‘जनजागृती’ केली पाहिजे, असे सरकारी परिपत्रकांतून नेहमी बजावले जाते. खाडीकाठचा माणूस झोपलेला आहे व त्याला जागे करण्याचा मक्ता मंत्रालयाकडे आहे, असे त्यात गृहीतच धरलेले असते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. तिवर कोठे धरते, कोणत्या चिखलातले रोप पहिल्याच उधाणात वाहून जाते, हे कोळी समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कारण चिंबोरी आणि कोळंबी त्याच मुळांच्या आसऱ्याने वाढतात व त्यांवर त्याची चूल पेटते.

हे ज्ञान बाजूस सारून लावलेल्या रोपांचे काय होते? २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत २३ ठिकाणी मिळून हजार हेक्टरांवर लागवड झाली. पुढे पाहणी झाली तेव्हा जेमतेम पाचवा हिस्सा तगलेला आढळला. नऊ ठिकाणी तर एकही रोप जिवंत नव्हते. चुकीच्या जागा आणि निगेचा अभाव, ही त्याची मुख्य कारणे.

महाराष्ट्रात उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीस मनाई केली व २०१८ च्या निकालाने ती कायम केली. २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. हे सारे स्वागतार्ह आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत मच्छिमार घरांतील स्त्रियांचा ‘स्वामिनी’ गट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवू लागला; तेथे संरक्षण आणि पोट यांची सांगड बसली.

परंतु रायगडच्या खारेपाटाची कथा निराळी आहे. १९३३ ते १९३९ चा चरीचा ऐतिहासिक संप ज्या मुलखाने लढवला, तोच हा मुलूख. येथे समुद्राचे पाणी अडवणारे बांध गावकरी ‘जोळ’ पद्धतीने, सामुदायिक श्रमाने राखीत. ती व्यवस्था मोडली, सरकारी डागडुजी वेळेवर झाली नाही, बांध फुटले, भातशेतीत खारे पाणी शिरून खारफुटी माजली. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, आणि झाडाला हात लावील तर गुन्हा! उलट बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार खारफुटीची झाडे तोडण्यास २०२२ मध्ये रीतसर परवानगी मिळते. ही बातमी खारेपाटातही पोहोचते. अशा शेतकऱ्याला भित्तिपत्रके वाटून कोणता संवाद साधणार?

लागवडीचा नकाशा मंजूर होण्यापूर्वी तो ग्रामसभेत व कोळीवाड्यात मांडला गेला पाहिजे, आणि गावाला ‘येथे नको’ म्हणण्याचा अधिकार हवा. बुडालेल्या शेतीची भरपाई व बांधदुरुस्ती हे प्रश्न वनखात्याचे नव्हेत, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. पेण-अलिबागच्या कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी फुटलेल्या बांधांची व बुडालेल्या सातबाऱ्यांची गाववार यादी करावी आणि ती घेऊन वन व खारभूमी या दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांना एकाच सभेत गावकऱ्यांसमोर बसवावे.