थंडी काही आठवड्यांची, दुर्लक्ष बारा महिन्यांचे

खानदेशाची ओळख उन्हाची. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो आणि त्याची तयारी घरोघरी होळीच्या सुमारासच सुरू होते. कूलर माळ्यावरून खाली येतो, जाळ्यांतील गवत बदलले जाते, पंप तपासला जातो, टाकीचा गंज खरवडून रंगाचा हात फिरतो. उन्हाळ्याच्या यंत्राची ही वार्षिक डागडुजी येथील मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली आहे. थंडीच्या यंत्रांच्या वाट्याला मात्र असा एकही दिवस येत नाही.

वास्तविक थंडीही येथे सौम्य नाही. समुद्रापासूनचे अंतर, कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि उत्तरेकडून येणारे वारे यांमुळे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान झपाट्याने घसरते. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातील नोंद निफाडच्या जोडीने राज्यातील नीचांकांच्या यादीत वारंवार झळकते. काही हिवाळ्यांत ती पाच अंशांच्याही खाली गेली आहे. म्हणजे वर्षभरात सुमारे चाळीस अंशांचा फेर या घरांना सोसावा लागतो. जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती तो बऱ्याच अंशी पेलत. आजचे सिमेंटचे स्लॅब दिवसा तापतात आणि रात्री तितक्याच वेगाने थंड होतात.

या थंडीचा हिशेब शेताने केव्हाच मांडला आहे. पारा दहा अंशांखाली गेला की केळीची वाढ खुंटते, म्हणून रावेर-यावलचा शेतकरी रात्री पाणी देतो, पहाटे बांधावर शेकोट्या पेटवतो. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी कमी तापमानाचा स्वतंत्र निकष आहे. घडाची काळजी घेण्याची रीत ठरली आहे. घराची काळजी मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेली आहे.

घर उबदार ठेवणारी कायमस्वरूपी यंत्रणा येथे नाही आणि तिची गरजही नाही. खानदेशी घरातील उष्णतेचा प्रश्न मुख्यत्वे न्हाणीघराचा आहे. एके काळी तो तांब्याच्या बंबाने सोडवला होता. बंबात पऱ्हाट्या, तुराट्या जळत; राख रोज काढावी लागे, चिंचेने घासावा लागे. धूर डोळ्यांत जाई, म्हणून बंब परसात किंवा उघड्या पडवीतच राही. त्याची देखभाल टाळणे शक्यच नव्हते, कारण बिघाड दिसत असे. त्याच्या जागी आलेल्या यंत्रांचे बिघाड दिसत नाहीत, आणि दुर्लक्षाचे मूळ येथेच आहे.

सौरबंबाचे उदाहरण घ्यावे. भरपूर सूर्यप्रकाशाच्या या पट्ट्यात गच्चीवरील सौरबंब ही सर्वांत शहाणी सोय आहे. परंतु नळाचे पाणी रोज येत नसल्याने अनेक वसाहतींत बोअरचे पाणी टाकीत चढते. ते जड असते. तापताच त्यातील क्षार नळ्यांच्या आतल्या बाजूस पांढऱ्या थराने बसतात. पाण्याचा मार्ग अरुंद होतो आणि उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. ‘सोलर आता पूर्वीसारखे तापत नाही’ या तक्रारीमागे बहुधा उन्हाचा दोष नसतो. क्षार काढणे, काचेवरील धूळ पुसणे एवढ्यावर काम भागते. विजेच्या गिझरचेही तेच. आतील मॅग्नेशियमचा दांडा टाकी गंजण्यापासून वाचवण्यासाठी स्वतः झिजतो आणि तो बदलायचा असतो, हे खरेदीच्या वेळी क्वचितच सांगितले जाते. राज्याच्या २०२०च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या इमारतींसाठी सौर यंत्रणेची तरतूद आहे खरी. पण बांधकाम परवानगीच्या कागदावरील यंत्रणा दहा वर्षांनी गच्चीवर कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहायला कोणी जात नाही.

येथवर नुकसान पैशांचे. गॅस गिझरबाबत ते जिवाचे होऊ शकते. वीज गेली तरी चालणारा, क्षणात गरम पाणी देणारा हा गिझर लोकप्रिय झाला यात नवल नाही. मात्र एक किलो गॅस पूर्ण जळण्यास सुमारे १५ किलो हवा लागते. गिझर वीस मिनिटे चालला तर अंदाजे पाव किलो गॅस जळतो आणि त्याला पावणेचार किलो हवा हवी असते. पाच बाय सात फुटांच्या न्हाणीघरात सगळी मिळून हवा असते सुमारे नऊ किलो. घरातील दोघांनी पाठोपाठ स्नान केले आणि थंडी आत येते म्हणून झरोक्यात कागदाचा बोळा कोंबलेला असला, तर प्राणवायू कमी पडू लागतो, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. डोके जड होणे, मळमळ, पायांतील त्राण जाणे ही लक्षणे गरम वाफेने आलेली ग्लानी समजली जातात. कडी आतून लावलेली असते. मार्च २०२३मध्ये घाटकोपर येथे धुळवडीनंतर एक दाम्पत्य घरातील स्नानगृहात मृतावस्थेत आढळले, तेव्हा गॅस गिझरच्या वायूचाच संशय प्रथम व्यक्त झाला होता. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणाऱ्यांवर ओढवणारे संकटही याच वायूचे.

बर्नरवर काजळी धरली की निळी ज्योत पिवळी होते. हा सर्वांत सोपा इशारा. पण गिझरच्या पत्र्याच्या झाकणाआड ती पाहतो कोण? गॅस वितरकांच्या तपासणीचा भर शेगडी, नळी आणि रेग्युलेटरवर असतो. गिझर बसवणारा बहुधा तोच, जो उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करतो. ब्रिटनमध्ये घर भाड्याने देणाऱ्या मालकाला गॅसच्या उपकरणांची तपासणी दर बारा महिन्यांनी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून करून घेणे आणि तिचा दाखला भाडेकरूला देणे कायद्याने बंधनकारक आहे. तेथे हिवाळा सहा महिन्यांचा, हे मान्य. पण वायूचा परिणाम होण्यास सहा महिने लागत नाहीत.

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत शिक्षण-नोकरीसाठी आलेल्यांच्या भाड्याच्या खोल्या मोठ्या संख्येने आहेत. तेथे गिझर मालकाचा, सिलिंडर भाडेकरूचा आणि झरोका कोणाचाच नाही. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या भिंतीवर बसवून आत केवळ पाण्याची नळी नेणे हा उपाय काही मीटर नळीच्या खर्चाचा आहे. हे काम दिवाळीच्या साफसफाईत, थंडी पडण्यापूर्वी सहज उरकते. त्याच वेळी कूलर झाकून माळ्यावर चढवला जात असतो.