कानामागून आला, तिखट झाला

हेडफोन ही खरं म्हणजे कानासाठी केलेली वस्तू. पण ती बसते डोक्यावर, आणि एकदा डोक्यात बसली की उतरायचं नाव घेत नाही. घरच्या घरी, कुणाची झोपमोड न करता गाणं ऐकायला तिच्यासारखं साधन नाही. तेव्हा माझं भांडण हेडफोनशी नाही. माझं भांडण आहे ‘अपग्रेड’ नावाच्या व्याधीशी. याच्या वरचं मॉडेल घेतलं की ‘खरं’ गाणं ऐकू येईल, असं ज्याला एकदा वाटलं त्याला पुढे कुठलंच गाणं ऐकू येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ते मी कुणाची भीडभाड न ठेवता मांडणार आहे. (सौ. चार दिवस माहेरी गेली आहे.)

सौ.चा उल्लेख अशासाठी, की या व्याधीचा माझ्या पाहण्यातला रुग्ण म्हणजे तिचा धाकटा भाऊ. डोंबिवलीला दोन खोल्यांत राहतो. मुलगा निर्व्यसनी. त्याने अठ्ठावीस हजारांचा हेडफोन घेतला. तो निघाला तीनशे ओहमचा. म्हणजे काय, तर फोनच्या जिवावर तो पुरेसं तोंड उघडत नाही. म्हणून पंधरा हजारांचा अँप्लिफायर आला. म्हैस घेतली की गोठा लागतोच. मग फोनमधल्या आकड्यांचा आवाज करून देणारं ‘डॅक’ नावाचं यंत्र आलं, बारा हजारांचं. मग या सगळ्यांची सोयरीक जुळवणारी वायर, सहा हजारांची. एकूण एकसष्ट हजार. एवढी रक्कम पाच वर्षांच्या मुदत ठेवीत टाकली असती तर तिचं काय झालं असतं, ते मी तोंडी हिशेबाने सांगू शकतो. पण नात्यात वितुष्ट नको.

“भाऊजी, ऐका. पडदा उठल्यासारखं वाटतं की नाही?”

मला कुकरची शिट्टी ऐकू आली. कारण हा हेडफोन मागून उघडा असतो. त्याने आवाज मोकळा होतो म्हणतात. होतो ना! त्याच वाटेने स्वयंपाकघर मोकळेपणाने आत येतं, आणि किशोरीताई शेजारी मटार सोलत बसलेल्या सासूबाईंना फुकट ऐकू जातात. अशा घरात मागून बंद असलेला, चौथाई किमतीचा हेडफोन जास्त गाणं ऐकवील. पण चौथाई किमतीला अपग्रेड म्हणत नाहीत.

आम्ही कॉमर्सवाले. बी.कॉम.ला आम्हांला घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकवला होता. भुकेल्याला पहिला वडापाव म्हणजे अमृत, दुसरा म्हणजे आनंद, तिसरा म्हणजे आग्रह आणि पाचवा म्हणजे आम्लपित्त. फुटपाथवरची शंभर रुपयांची इअरफोन टाकून दोन-तीन हजारांचा बरा हेडफोन घेतला तर फरक पहिल्या आलापीतच कळतो, हे मी मान्य करतो. तो पहिला वडापाव. तिथून पुढे किंमत दुप्पट होत जाते आणि आनंद चमचा-चमचा वाढतो. अपग्रेडवाला पाचव्या वडापावाशी बसून म्हणतो, “चटणी बदलून पाहू या.”

आता मेहुण्याला डॅकला शोभेल असं ‘हाय-रेस’ संगीत हवं आहे. १९८२ साली सीडी बाजारात आली तिचं माप त्याला अपुरं वाटतं. “भाऊजी, त्याला कान तयार लागतो.” ठीक. तयार कानांची परीक्षाही झालेली आहे. मेयर आणि मोरान या दोन अमेरिकनांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आपला प्रयोग छापला. उंची ध्वनिमुद्रण एकदा जसंच्या तसं आणि एकदा सीडीच्या मापात बसवून, कोणतं कुठलं ते न सांगता ऐकवलं. ऐकणाऱ्यांत या धंद्यातली माणसंही होती. ५५४ वेळा परीक्षा झाली. २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तर २७७ अपेक्षित होतं. म्हणजे तयार कान नाण्यापेक्षा एका मार्काने मागे!

हेडफोनच्या खोक्यावर छापलेलं असतं : सेकंदाला चाळीस हजार कंपनांपर्यंत. निरोगी तरुण कान जेमतेम वीस हजारांपर्यंत पोचतो, आणि चाळिशी उलटल्यावर पंधरा हजारांच्या आसपास मामला आटोपतो. चाळीस हजार हा आकडा वटवाघळाच्या उपयोगाचा. आणि हे सगळं लावून ऐकायचं काय, तर जुनं गाणं! गोहरजाननी १९०२ साली कलकत्त्यात तबकडी भरली तेव्हा मायक्रोफोनच नव्हता; कर्ण्यात तोंड घालून तीनेक मिनिटांत राग आटपावा लागे. त्या कर्ण्यात जे उतरलंच नाही ते एकसष्ट हजारांत कुठून निघणार? खात्यात शिल्लक नसताना चेकबुक कितीही गुळगुळीत कागदाचं असलं तरी चेक वटत नाही. उलट महागडा हेडफोन तबकडीची खरखर मात्र इतकी स्वच्छ ऐकवतो, की मेहुणा गाणं सोडून खरखरीलाच दाद देतो.

खरं दुखणं इथे आहे. तो गाणं ऐकतच नाही. गाण्याकडून हेडफोन तपासून घेतो. ख्यालाची तीस सेकंदं, की बंद. वायर बदल, पुन्हा तीच तीस सेकंदं. “बास उबदार आहे, पण वरचे सूर जरा थंड,” असं हवामान खात्याच्या भाषेत बोलतो. एकसष्ट हजार खर्चून घेतलेल्या यंत्रावर विलंबित संपून द्रुत सुरू झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. गवयाने आयुष्य घालून कमावलेला सूर हा काय वायरींचा गुणवत्ता तपासणी विभाग आहे?

बरं, ज्या कानासाठी हा खटाटोप त्याचं काय? यंत्रात दम आला की हात आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सोसतो. तीन डेसिबल वाढवले की तास निम्मे : ८३ ला वीस, ८६ ला दहा, ८९ ला पाच. हे उलटं चक्रवाढ व्याज आहे, आणि ते मुद्दल खातं. कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. या ठेवीला नूतनीकरण नाही. हेडफोन वर चढत जातो आणि कान खाली उतरत जातो. याला अपग्रेड म्हणायचं असेल तर आमच्या बँकेतल्या बुडीत कर्जांनाही प्रगती म्हणावं लागेल.

तेव्हा अपग्रेड करायचंच असेल तर माझी यादी घ्या. हेडफोनच्या कानावरच्या गाद्या झिजल्या असतील तर नव्या बसवा. आवाज सुधारतो आणि भाव काही शेकड्यांत असतो. आवाज दोन घरं खाली आणा. याला पैसे पडत नाहीत. आठवड्यातून एक तास काढा आणि एक राग उठल्यापासून बसेपर्यंत ऐका; हे मात्र महाग आहे, कारण तास कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आणि शेवटची वस्तू. १९७९ साली पहिला वॉकमन निघाला तेव्हा त्याला हेडफोन लावायच्या जागा दोन होत्या. गाणं ऐकताना शेजारी कुणी असेल, एवढं त्या जपानी माणसांना ठाऊक होतं. पुढे यंत्रं सुधारत गेली आणि शेजारचा माणूस वजा झाला. आज ती दुसरी जागा देणारा वायरीचा दुफाटा शे-दीडशे रुपयांना मिळतो. मेहुणा म्हणतो, त्याने आवाजाचा दर्जा खालावतो. खालावू दे. चांगली जागा आली की मान हलवायला समोर दुसरी मान असणं, याच्या वरचं मॉडेल अजून निघालेलं नाही.