वाजलेल्या फोनचा हिशेब

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे, झरी जामणी तालुक्यातले गाव. पलीकडे तेलंगणाची हद्द. मुलूख कपाशीचा, अलीकडे सिमेंटच्या कारखान्याचाही. येथे वेचणीच्या दिवसांत ओटीत कापूस टाकता टाकता एखाद्या बाईचा फोन वाजला, तर ती तो उचलतेच. दवाखान्यातून असेल, मुलाच्या वसतिगृहातून असेल, न उचलून कसे चालेल? आणि पलीकडून यंत्रात भरलेला गोड आवाज सांगतो, आपल्याला कर्ज मंजूर झाले आहे!

अर्धा मिनिट गेला. अर्ध्या मिनिटाचे कोण एवढे घेऊन बसतो, असे आपण म्हणतो. पण हा अर्धा मिनिट लाखो लोकांचा रोज जातो आणि तो ज्याच्या फायद्यासाठी जातो, त्याला त्याचा मोबदला द्यावा लागत नाही. बँकेत आम्ही एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत रात्री घरी जात नसू. रुपया मोठा म्हणून नव्हे. तो कोणाच्या तरी खात्यातला असतो म्हणून. या फोनांच्या बाबतीत नेमका तोच प्रश्न आहे. नुकसान ज्याचे झाले, त्याच्या खात्यावर काय जमा होते?

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. नको असलेल्या फोनांसाठीची नोंदवही २००७ साली सुरू झाली. १९०९ या क्रमांकावर आपली नापसंती नोंदवता येते. दूरसंचार नियामकाने २०१८ चे विनियम फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी कडक केले. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेली आणि तक्रारींचे आकडे चुकीचे कळवणाऱ्या मोबाइल कंपन्यांना दोन ते दहा लाखांचा दंड ठेवला. ठीकच झाले. पण त्या दंडातला पैसाही ओटी बांधलेल्या त्या बाईकडे येत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली जो कायदा झाला, त्यात दंडाची मर्यादा अडीचशे कोटींपर्यंत आहे. तो जमा होणार भारताच्या एकत्रित निधीत. थोडक्यात, आपण नुसते वर्दी देणारे. फिर्याद आपली, वसुली सरकारची.

अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने वेगळी वाट धरली. बेकायदा फोनाला पाचशे डॉलर आणि जाणूनबुजून केला असेल तर तिप्पट, हा हक्क ज्याला फोन आला त्याचा. एकेकट्याने कोर्टात जाणे परवडत नाही म्हणून एकाने सर्वांच्या वतीने दावा लावायचा. २०१७ साली नॉर्थ कॅरोलिनात डिश नेटवर्क या कंपनीविरुद्ध ५१,११९ फोन मोजले गेले. ज्यूरीने फोनामागे चारशे डॉलर ठरवले, न्यायाधीशांनी ते तिप्पट केले. बेरीज सहा कोटी डॉलरांवर गेली. पुरावा कुठला? फोनच्याच नोंदी. यंत्राने फोन केला, तर यंत्राकडेच त्याची वही असते.

अर्थात तिथेही सारे सोन्याचे नाही. कॅपिटल वन बँकेच्या प्रकरणात २०१५ साली साडेसात कोटी डॉलरांची तडजोड मंजूर झाली. हक्कदार जवळपास पावणेदोन कोटी; अर्ज करणारे चौदा लाखांच्या आत. प्रत्येकाच्या हाती पडले पस्तीसेक डॉलर. बाकीच्यांनी आलेली सूचना बहुधा जाहिरात समजून टाकून दिली असावी. तिथे राहणाऱ्या आपल्या मुलापुतण्यांनी ही पत्रे केरात टाकण्यापूर्वी एकदा वाचावीत. मात्र दावा मंजूर करून देतो म्हणून कोणी ओटीपी किंवा आगाऊ पैसे मागू लागला, तर तो दुसराच व्यवसाय, हे ओळखावे.

आपल्याकडे असे दार अजिबात नाही का? आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ नुसार समान हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकालाही, आयोगाच्या परवानगीने, तक्रार करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. यवतमाळ मुकुटबनहून दूर खरे, पण अर्ज संगणकावरूनही करता येतो. मोबाइल कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. फोन करणारा सापडला नाही, तरी रिचार्जचे पैसे घेणारी कंपनी कुठे जाणार?

मग दावे का होत नाहीत? दिल्लीचा अनुभव बोलका आहे. तिथल्या राज्य ग्राहक आयोगाने २००६ साली अशा फोनांबद्दल एक मोबाइल कंपनी, कंपन्यांची संघटना आणि दोन बँका यांना मिळून पंचाहत्तर लाखांचा दंड केला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. अपील राष्ट्रीय आयोगाकडेच न्यायला हवे होते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, ते २०११ साली. वाट कोणती, हे ठरण्यातच पाच वर्षे गेली! पाच वर्षे वकील पोसणे कंपनीला जमते, कापूस वेचणाऱ्या बाईला नाही.

म्हणून मागणी साधी असावी. एका नको असलेल्या फोनाची किंमत कायद्यानेच रुपयांत ठरवावी, शंभर म्हणा, पन्नास म्हणा. आणि ती कंपनीच्या नोंदींवरून थेट ग्राहकाच्या रिचार्जमध्ये जमा करावी. अर्ज नको, हेलपाटा नको. ज्या यंत्राला आपला क्रमांक शोधून फोन लावता येतो, त्याला त्याच क्रमांकावर पन्नास रुपये पाठवता येणार नाहीत, असे कोणी सांगू नये.

तोवर ग्राहक संघटनांनी, गावोगावच्या महिला बचत गटांनी आणि कायद्याच्या महाविद्यालयांनी मिळून कलम ३५ खाली एक तरी दावा लावून पाहावा. वीस बायकांच्या फोनांतल्या तारखा आणि वेळा एका वहीत उतरवल्या, की सुरुवात झाली. लहान रकमा सोडून देणे हा आपण मनाचा मोठेपणा समजतो. समोरचा ते आपल्या नफ्यात धरतो.