पहिला लेथ घेताना आधी ताठपणा पाहा

अमेरिकेत हौसेने बंदूकदुरुस्ती शिकणाऱ्याने पहिला लेथ निवडताना किमतीआधी स्पिंडलचे भोक आणि बेडचे वजन पाहावे, असे माझे ठाम मत आहे. बंदुकीच्या नळीचे टोक मध्यरेषेत धरायचे, तर ती हेडस्टॉकमधल्या या भोकातून आरपार जाणे सर्वांत सोयीचे. आणि यंत्र हलके असेल तर ताठपणा कमी पडून ते थरथरते, कापलेल्या पृष्ठभागावर लाटा उमटतात. म्हणूनच इंडियानातल्या साउथ बेंडचे जुने ओतीव लोखंडी लेथ आजही जाणकार शोधतात. जुना बेड झिजलेला असतो, हा आक्षेप खराच. पण चाचणीचा तुकडा कापून झीज मोजता येते, हलकेपणावर मात्र तसा सोपा उपाय नाही. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करता येत नाही. तरी छोटी इंजिने घडवणाऱ्या आपल्या हौशी कारागिरांनीही ताठपणाचा हाच निकष लावावा.