लष्कर आणि मंडी : मित्रराज्यांचे व्यापारी करार व भाषेचा प्रश्न

म्हैसूर शहराच्या जुन्या नगररचनेत लष्कर मोहल्ला आणि मंडी मोहल्ला हे दोन विभाग एकमेकांचे शेजारी आहेत. आज लष्कर मोहल्ल्याची ओळख अशोक मार्गावरील सेंट फिलोमिना चर्चमुळे किंवा तेथील गजबजलेल्या पेठांमुळे होते; त्याच्या नावातील सैन्याचा अर्थ फारसा कोणाच्या ध्यानी येत नाही. परंतु छावणी आणि बाजार यांचे हे शेजारपण दक्षिण भारताच्या अठराव्या शतकातील राजकारणाचे मर्म सांगून जाते. लष्कर जेथे उतरे तेथे बाजार भरे, आणि दोन राज्ये मित्र म्हणून एका छावणीत आली की त्यांच्या मैत्रीची खरी परीक्षा रणांगणाइतकीच या बाजारातही होई. ‘लष्कर’ हा शब्द मराठी, कन्नड व हिंदुस्थानी या तिन्ही भाषांचा आहे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या ग्वाल्हेरच्या वस्तीलाही तेच नाव आहे. मित्रराज्यांच्या आर्थिक सहकार्याचा विचार भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी करावयाचा असेल, तर त्याचा आरंभ या शब्दापासून करण्यास हरकत नाही.

१७९० साली ईस्ट इंडिया कंपनी, पेशवे आणि निजाम यांनी टिपू सुलतानाविरुद्ध एकत्र येण्याचे करार केले. पुढील वर्षी मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसचे सैन्य श्रीरंगपट्टणापर्यंत पोहोचले खरे. परंतु दाणावैरण संपली, बैल मेले, पाऊस सुरू झाला, आणि वेढ्याच्या अवजड तोफा आपल्याच हातांनी निकामी करून त्यास माघार घ्यावी लागली. त्या माघारीत मेलुकोट्याच्या परिसरात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा येऊन मिळाल्या. उपाशी इंग्रजी सैन्यास मराठ्यांच्या छावणीतील बाजारात धान्यापासून विलायती कापडापर्यंत आणि काश्मिरी शालींपासून जवाहिरापर्यंत सारे काही मिळाले, मात्र चढ्या भावाने. त्या वैभवाचे वर्णन इंग्रज इतिहासकारांनी पुढे तपशिलाने, आणि त्यामागील लुटीवर बोट ठेवून केले आहे. उलट मराठी सरदारांस फौजेच्या खर्चासाठी रोकड हवी होती. त्यांना कर्जाऊ रक्कम देता यावी म्हणून चीनच्या व्यापारासाठी निघालेली चांदी कॉर्नवॉलिसने मद्रासेस उतरवून घेतली. एका मित्राकडे धान्य, दुसऱ्याकडे समुद्रपार व्यापारातील भांडवल, असे हे सहकार्य होते. त्या क्षणी कोणता मित्र समर्थ आणि कोणता गरजू, हे सांगणे अवघड होते.

१७९२च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने ते सोपे करून टाकले. टिपूने अर्धे राज्य आणि तीन कोटी तीस लक्ष रुपये द्यावेत असे ठरले. मुलूख तिघा मित्रांत समसमान वाटला गेला, आणि समानतेचे माप होते वसुलीचे. हिशेबाच्या दृष्टीने त्यात अन्याय नव्हता. मराठ्यांना तुंगभद्रेपर्यंतचा प्रदेश मिळाला, निजामाला कृष्णा व पेन्नार यांच्यामधला, आणि कंपनीला दिंडिगल, बारामहाल, कुर्ग व मलबार. परंतु मलबार म्हणजे मिरीचा किनारा. जमाबंदीच्या आकड्यांत जो वाटा इतरांइतकाच होता, तो व्यापाराच्या दृष्टीने कितीतरी मोठा होता. कारण त्यात बंदरे होती आणि युरोपच्या बाजारात खपणारा माल होता. करारात ‘समान’ हा शब्द खराच होता. कशाच्या संदर्भात समान, हा प्रश्न मात्र कराराने विचारलेला नव्हता.

हा प्रश्न विचारण्याची परंपरा मराठीत नव्हती असे म्हणता येत नाही. किंबहुना, ती फार लवकर निर्माण झाली होती. १६७० साली पोर्तुगीजांशी तह झाल्यानंतर पुढील वर्षी शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभ्याला लिहिलेले मिठासंबंधीचे पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशचे मीठ स्वस्त पडू लागले तर संगमेश्वरकडील मिठाचा उदीम बुडेल, यास्तव बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून ते महाग करावे, असा त्याचा आशय आहे. ज्याच्याशी तह आहे त्याच्याही मालावर संरक्षक जकात बसवावी लागते, आणि त्यामुळे तह मोडत नाही, ही समज त्या पत्रात साध्या मराठीत उतरलेली आहे. राज्याभिषेकप्रसंगी, १६७४ साली, रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडनशी झालेल्या वाटाघाटींत इंग्रजांच्या बहुतेक मागण्या मान्य झाल्या; परंतु इंग्रजी नाणे राज्यात चालावे आणि किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या गलबतांवरील माल परत मिळावा, ही दोन कलमे अडली. नाण्याविषयी महाराजांचे उत्तर इंग्रजांच्याच कागदांत नोंदलेले आहे. कोणत्याही नाण्यास राज्यात मज्जाव नाही, परंतु ज्यात रयतेची हानी होईल ते घेण्याची तिच्यावर सक्ती करता येत नाही, असा त्याचा भावार्थ आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेवाचून सांगितलेला हा चलनविषयक सिद्धान्तच होय.

१७१६च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात या समजेला शास्त्राचे रूप आले. त्या ग्रंथात सावकारांची थोरवी सांगितली आहे, आणि लगोलग टोपीकरांचा वेगळा विचार केला आहे. हे व्यापारी इतर व्यापाऱ्यांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, व्यापाराच्या निमित्ताने त्यांना स्थळ धरावयाचे आहे. म्हणून त्यांच्याशी व्यापार करावा, परंतु समुद्रकिनारी वखारीस जागा देऊ नये, द्यावीच लागली तर बंदरापासून दूर आत द्यावी, असा त्यातील विवेक आहे. मराठी साहित्याच्या इतिहासात आज्ञापत्राचा उल्लेख गद्याचा एक नमुना म्हणून होतो. त्यातील व्यापारविचार मात्र साहित्याच्या अभ्यासकाने इतिहासकाराकडे आणि इतिहासकाराने अर्थशास्त्रज्ञाकडे सोपविलेला दिसतो. परिणामी तो कोणाच्याच अभ्यासाचा केंद्रविषय राहिला नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. आपल्या भाषेत विचार उपलब्ध होता, तर त्याने राज्य का वाचले नाही? आक्षेप रास्त आहे, आणि वसईचा तह त्याचे सर्वांत कठोर उदाहरण आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी झालेल्या त्या तहाच्या प्रती इंग्रजी व फारसीबरोबर मराठीतही होत्या. म्हणजे दुसऱ्या बाजीरावाने जे मान्य केले ते त्याच्या भाषेत लिहिलेले होते. सहा हजार पायदळाच्या रक्षणासाठी सव्वीस लक्ष उत्पन्नाचा मुलूख, आणि परराज्यांशी व्यवहार कंपनीच्या सल्ल्याने, ही कलमे मराठीतही तितकीच स्पष्ट होती. यावरून एवढेच सिद्ध होते की कराराची स्वभाषेतील प्रत पुरेशी नसते. ती प्रत तोलून पाहणारे, तिच्यावर वाद घालणारे वाचक त्या भाषेत असावे लागतात. १८०० साली नाना फडणीसांच्या निधनानंतर पुण्याच्या दरबारात तो वाचक उरला नव्हता. आज्ञापत्राची भाषा होती. तिच्यात विचार करणारी सभा नव्हती.

त्याच वर्षी, एप्रिल १८०२ मध्ये, कंपनीने निजामाशी स्वतंत्र व्यापारी करार केला. उभयपक्षी मालाची मोकळी ये-जा आणि शेकडा पाच जकात, असे त्याचे स्वरूप वरकरणी अत्यंत न्याय्य आहे. निजामास मच्छलीपट्टणचे बंदर वापरण्याची मुभाही त्यात आहे. परंतु तो किनारा काही दशकांपूर्वी निजामाच्याच सत्तेखाली होता. आपलेच गेलेले बंदर वापरण्याची परवानगी ही सवलत म्हणून पदरी पडावी, यातच परस्परतेच्या कलमाचा खरा अर्थ दडलेला आहे.

म्हैसूरचा अनुभव याहून निराळा नव्हता. १७९९च्या तहाने वोडेयर घराण्यास राज्य मिळाले. त्यावर सात लक्ष होनांची वार्षिक खंडणी बसली, आणि पुढे रूपे बदलत ती विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. मोठ्या मित्राचे शत्रू हेच धाकट्याचेही शत्रू ठरतात. १९१४ साली युद्ध पेटताच जर्मनीकडे जाणाऱ्या म्हैसूरच्या चंदनाचा मार्ग खुंटला, तो याच न्यायाने. संस्थानाने त्यातून वाट काढून १९१६ पासून बंगलोरला आणि लगोलग म्हैसूरला चंदनतेल काढण्यास प्रारंभ केला, हा त्याच्या कारभाराचा गुण. परंतु युद्ध म्हैसूरच्या निवडीचे नव्हते.

स्वतंत्र भारत कोणाचाही मांडलिक नाही, त्यामुळे आजच्या करारांची तुलना वसईच्या तहाशी करणे अन्यायाचे होईल. संयुक्त अरब अमिराती व ऑस्ट्रेलिया यांच्याशी २०२२ साली, युरोपातील एफ्टा गटाशी २०२४ साली आणि ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये भारताने व्यापारी करार केले. २०१९ साली आरसेप या आशियाई गटात न जाण्याचा निर्णयही भारताने स्वतःच घेतला. प्रश्न स्वातंत्र्याचा नाही, वाचकाचा आहे. या करारांचे पाठ इंग्रजीत सिद्ध होतात. काहींच्या हिंदी प्रती होतात, तेथेही अर्थभेद झाल्यास इंग्रजी पाठ निर्णायक मानण्याची रूढी आहे. मराठी व कन्नड यांना या व्यवहारात स्थान नाही. परंतु त्याचे परिणाम भोगणारा द्राक्षबागाईतदार, मासेमार, रेशीम विणणारा, उदबत्ती वळणारी स्त्री ही सारी माणसे याच भाषांत जगतात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा अंश मर्यादेबाहेर आढळल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदारांस परक्या बाजारातील एका नियमाची ओळख झाली ती नुकसानीच्या रूपाने. जकात शून्य झाली म्हणजे बाजार खुला झाला असे नव्हे; मालाचे मूळस्थान, गुणवत्ता आणि अवशेषांच्या मर्यादा यांविषयीचे नियम हीच आजची खरी जकातनाकी आहेत, आणि ती इंग्रजी परिशिष्टांत उभी आहेत.

असे म्हटले जाईल की हे काम शासनाच्या भाषांतर विभागाचे आहे, विद्यापीठांतील भाषाविभागांचे नव्हे. वसईचे उदाहरण या मताला उत्तर देते. शासकीय प्रत मिळेल. परंतु ‘परस्पर’, ‘समान’, ‘सवलत’, ‘संरक्षण’ या शब्दांचा कोणत्या कलमात काय अर्थ होतो, हे तपासण्याची शिस्त भाषेच्या अभ्यासकाचीच आहे. त्यासाठी पूर्वाधारही आहे. रघुनाथपंत हणमंत्यांनी शिवकाळात सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशाचा शेवटचा वर्ग हा पण्यवर्ग आहे. राज्याची परिभाषा घडविताना बाजारातील वस्तूंची नावे वगळून चालत नाही, हे त्या कोशकाराने ओळखले होते. हणमंते घराण्याची कारकीर्द शहाजी राजांच्या कर्नाटकातील जहागिरीत घडली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

म्हैसूरच्या हिशेबदप्तरात कन्नडबरोबर मराठीचाही दीर्घकाळ वापर होता. पटवर्धनी दप्तरातील पत्रे वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापून ठेवली आहेत. एकाच मोहिमेचे मराठी, कन्नड, फारसी व इंग्रजी कागद समोरासमोर ठेवून वाचले गेले, तर मित्रराज्यांच्या व्यवहारात शब्द कसा वाकविला जातो याचे शास्त्र भारतीय भाषांत उभे राहू शकेल. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासक्रमात महाकाव्यांना स्थान आहे, ते योग्यच आहे. तहनाम्यांना आणि जकातीच्या पत्रांनाही ते दिले पाहिजे, आणि त्याच वर्गात आजच्या एखाद्या व्यापारी कराराचे एक प्रकरण मराठीत व कन्नडमध्ये उतरवून त्याची चर्चा झाली पाहिजे. लष्कर आणि मंडी म्हैसूरच्या नकाशावर शेजारी आहेत. भाषेच्या अभ्यासात मात्र मंडीला अद्याप जागा मिळावयाची आहे.