कमरेचें पिस्तूल आणि हातांतला कोयता

कायदा आंधळा असतो, असें वकील लोक सांगतात. खेड्यांतल्या रयतेचा अनुभव निराळा आहे. कायद्याला डोळे आहेत. तो माणूस पाहून ते मिटतो आणि माणूस पाहूनच ते वटारतो. एखादे दादासाहेब पांढऱ्या मोटारींतून उतरतात, सदरा जरा वर सरकवितात, कमरेचें पिस्तूल चारचौघांना दिसेल अशी तजवीज करतात, आणि बंदोबस्तावरचा शिपाई त्यांना वाट करून देतो. त्याच रस्त्यानें ऊसतोडीचा गडी कोयता घेऊन चालला, कीं तोच शिपाई दरडावतो, "कुठला रे तूं? थांब तिथंच!" होटगी, कुंभारी, वळसंग, मंद्रूप, कोठेंही विचारा, हें चित्र कोणाला नवें वाटणार नाहीं.

वास्तविक उघड हत्यार घेऊन फिरणाऱ्या माणसाला पोलिसांनीं काय विचारावें, हें कायद्यानें स्पष्ट सांगितलें आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचें कलम १९ पाहा. बंदूक वा काडतुसें बाळगून चाललेल्या कोणाही माणसाकडे पोलीस अंमलदार परवाना मागूं शकतो. परवाना दाखवितां आला नाहीं, तर नांव व पत्ता विचारावा आणि जरूर वाटल्यास हत्यार ताब्यांत घ्यावें. नांव सांगण्याचें नाकारलें, खोटें नांव सांगितल्याचा संशय आला, किंवा माणूस पळून जाईलसें वाटलें, तर वॉरंटाशिवाय अटक करावी. म्हणजे पहिलें पाऊल बेडीचें नाहीं, काठीचें नाहीं, शिवीचें तर नाहींच. पहिलें पाऊल दोन शब्दांचें आहे : "परवाना दाखवा." हे दोन शब्द दादासाहेबांपुढें घशांत अडकतात आणि गरिबापुढें त्यांची शिवी होते. सगळें दुखणें येथें आहे.

हें दुखणें आजचें नव्हे. १८५७ च्या बंडानंतर इंग्रजांनीं रयतेचीं हत्यारें काढून घेण्याचा सपाटा लावला, आणि १८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या अमदानींत शस्त्रांचा कायदा पक्का केला. त्या कायद्याखालीं गोऱ्यांना सूट होती, दरबारच्या मानकऱ्यांना सूट होती; बंदी होती ती नांगर धरणाऱ्याला आणि ऐरण ठोकणाऱ्याला. हत्याराची भीति नव्हती, तें कोणत्या हातांत आहे याची भीति होती.

सोलापूरकरांना तर याहून कडू धडा मिळाला आहे. मे १९३० मध्यें येथें गोळीबार झाला, शहर बिथरलें, आणि सरकारनें लष्करी कायदा पुकारला. त्या दिवसांत हातांत बंदूक सोडाच, तिरंगी निशाण धरलें म्हणून माणसें तुरुंगांत गेलीं. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं दिलें. सरकार रयतेला भिऊं लागलें म्हणजे कापडाच्या तुकड्यालाही हत्यार ठरवितें, हें या जिल्ह्यानें पाहिलें आहे.

नाण्याची दुसरी बाजूही याच जिल्ह्यानें पाहिली. होटगीवरून जो लोहमार्ग गुलबर्ग्याकडे जातो, तो त्या काळीं पुढें निजामाच्या हद्दींत शिरत असे. कासीम रझवीचे रझाकार उघडीं हत्यारें घेऊन फिरत आणि निजामाचे पोलीस त्यांना अडवीत नसत. मे १९४८ मध्यें याच मार्गावर गाणगापूर स्टेशनांत मद्रासहून मुंबईस जाणाऱ्या मेलवर हल्ला झाला. शेवटीं १३ सप्टेंबर १९४८ रोजीं सोलापुराकडूनच हिंदी फौज नळदुर्गाच्या वाटेनें आंत गेली आणि पांच दिवसांत तें प्रकरण निकालांत निघालें. पोलिसांनीं निःशस्त्र माणसाला हत्यारबंद ठरविलें तर काय होतें, तें १९३० नें शिकविलें. हत्यारबंदाला पोलिसांनीं आपला मानलें तर काय होतें, तें १९४८ नें शिकविलें. हे दोन्ही धडे एकाच पाटीवर लिहून ठेवावेत.

मग प्रत्येकाला बंदूक द्यावी काय? असा विचार पूर्वीं झाला आहे. १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांच्या ठरावांत, नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. त्याचाच आधार घेऊन डिसेंबर १९४८ मध्यें ह. वि. कामत यांनीं घटनासमितींत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ती मानली नाहीं. चोर-दरोडेखोरांनाही तोच हक्क देणार काय, हा त्यांचा सवाल होता. आणि आग्रह धरायचा तर देशावर संकट आलें असतां शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा धरावा, व्यक्तीच्या हक्काचा नव्हे, असें त्यांचें म्हणणें पडलें. दुरुस्ती नामंजूर झाली. राज्यघटनेनें आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क दिला तो शांततेनें व विनाशस्त्र जमण्याचा.

आमच्या मतें हा निर्णय गरिबांच्या हिताचाच झाला. सर्वांना बंदुकीचा हक्क आहे असें कागदावर लिहिलें, तरी बंदूक विकत घेणार कोण? ज्याच्या घरीं चार महिने उसनवारीवर चूल पेटते तो नव्हे. घेणार सावकार, वाळूचा ठेकेदार, जमिनीचा दलाल. मग बांधाच्या तंट्यांत एका बाजूला सातबारा आणि दुसऱ्या बाजूला पिस्तूल असा सामना होईल, आणि त्यांत सातबाऱ्याचें काय होईल हें सांगावयास ज्योतिषी नको.

ज्यांना अमेरिकेचा दाखला हवा त्यांनीं तोही पुरा घ्यावा. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक गुलामांची मुक्तता करणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केलें, म्हणून त्या देशाच्या बऱ्यावाइटाकडे आमची नजर असते. तेथील अनेक राज्यांत बंदूक उघड बाळगून रस्त्यानें फिरण्याची मुभा आहे. कॅलिफोर्नियांतही ती होती. परंतु निग्रो समाजाच्या ब्लॅक पँथर मंडळींनीं भरल्या बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवण्यास सुरुवात केली आणि मे १९६७ मध्यें ते राज्याच्या विधिमंडळांत बंदुकांसह शिरले. त्याच वर्षीं कायदा झाला आणि भरली बंदूक घेऊन फिरण्याची मुभा गेली. पुढें ६ जुलै २०१६ रोजीं मिनेसोटा राज्यांत फिलँडो कॅस्टिल या काळ्या माणसाची मोटार पोलिसानें थांबविली. आपल्याजवळ बंदूक आहे असें त्यानें आपण होऊन सांगितलें. त्याच्यापाशीं परवाना होता. तरी पोलिसानें त्याला तेथल्या तेथें गोळ्या घातल्या, आणि पुढच्या वर्षीं तो पोलीस निर्दोष सुटला. हक्क सर्वांचा असें पुस्तकांत लिहिलें होतें. रस्त्यावर मात्र कातडीचा रंग वाचला गेला. तेथें रंग वाचतात, येथें आडनांव आणि धोतराची मळ वाचतात.

आतां आपल्या घरचें पाहूं. ९ डिसेंबर २०२४ रोजीं बीड जिल्ह्यांत मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. तो खून बंदुकीनें झाला नव्हता. परंतु त्या निमित्तानें जिल्ह्याचें झांकण उघडलें. कमरेला पिस्तूल लावून मिरविणाऱ्यांचीं आणि हवेंत गोळ्या झाडणाऱ्यांचीं चलच्चित्रें घरोघर मोबाइलवर फिरलीं. त्या एका जिल्ह्यांत हजाराहून अधिक परवाने असल्याचें समोर आलें. बोभाटा झाला तेव्हां गुन्हे नोंदले गेले आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. चांगलें झालें, पण आमचा सवाल असा, कीं परवाना देण्यापूर्वीं जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल घ्यावा लागतो. मग या अहवालांत त्या वेळीं काय लिहिलें होतें? जो माणूस रद्द करण्याच्या वेळीं धोक्याचा ठरला, तो देण्याच्या वेळीं संत होता काय? आणि ज्या वाटेनें तो पिस्तूल मिरवीत रोज जात होता, त्या वाटेवर एकाही शिपायानें "परवाना दाखवा" म्हटलें नव्हतें काय?

त्याच सालच्या फेब्रुवारींत उल्हासनगरला तर कडेलोट झाला. सत्ताधारी पक्षाच्या आमदारानें पोलीस ठाण्यांत, निरीक्षकाच्या खोलींत, मित्रपक्षाच्या पुढाऱ्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. न्याय कोर्ट करील. आम्ही इतकेंच विचारतों, कीं एखादा मजूर साधी विळी घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत तरी पोंचला असता काय?

परवान्यानें बंदूक बाळगतां येते, मिरवितां येत नाहीं. २०१६ च्या नियमांनीं सार्वजनिक जागेंत पिस्तूल वा बंदूक तिच्यासाठीं केलेल्या कव्हरांतच न्यावी असें बजावलें आहे. हत्यार परजणें आणि बार काढणें यांस बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें लग्नांत वा मिरवणुकींत हौसेनें गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणारास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तेव्हां वरातींत कोणी बार काढला, तर तो मानकरी नव्हे, गुन्हेगार आहे. वरबापानेंच त्याला मांडवाबाहेर काढावें.

आतां आपल्या हातांतल्या हत्यारांविषयीं. शेतकरी, सुतार, लोहार, चांभार, खाटीक यांनीं हें लक्ष देऊन वाचावें व न वाचतां येणाऱ्यास वाचून दाखवावें. शस्त्र कायद्यानें शस्त्राची व्याख्या करतांना केवळ घरकामासाठीं वा शेतीसाठीं केलेल्या वस्तु वगळल्या आहेत. लाठी आणि साधी हातकाठी यांचा त्यांत नांवानिशीं उल्लेख आहे. पातें ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलेलीं धारदार हत्यारें शस्त्रांच्या यादींत येतात. पण घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या कामासाठीं बनविलेलीं त्यांतूनही वगळलीं आहेत. म्हणजे ऊसतोडीचा कोयता, सुताराचा वाकस, चांभाराची रापी हीं पोटाचीं साधनें आहेत. पुण्यांत कोयता उगारून दहशत घालणाऱ्या टोळ्या निघाल्यापासून कोयता हा शब्दच बदनाम झाला. टोळीवाल्याला जरूर धरा; पण त्याच्या पापाचें प्रायश्चित्त तोडकऱ्याला नको.

मात्र एक खबरदारी घ्यावी. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालीं सणवार, मोर्चे, निवडणुका आल्या कीं एका वेळीं १५ दिवसांपर्यंत काठ्या-लाठ्यासुद्धां घेऊन फिरण्यास मनाई करतां येते. असा हुकूम असतां कामाचें हत्यार पिशवींत वा गोणपाटांत गुंडाळून न्यावें, आणि कोठें व कोणाच्या कामाला जातों तें शांतपणें सांगावें. पोलिसाशीं हुज्जत घालूं नये. पण माहिती विचारण्यास भिऊंही नये. अटक केली तर कारण सांगितलें पाहिजे आणि २४ तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें नेलें पाहिजे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणें झडती व जप्तीचें चित्रण करणें पोलिसांवर बंधनकारक आहे. पंचनाम्यावर न वाचतां अंगठा उठवूं नये.

रानडुकरांनीं ज्याचें पीक उद्ध्वस्त केलें, त्यानें हेंही ध्यानांत ठेवावें. पिकाच्या रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागण्याची सोय कलम १३ मध्यें आहे. जमीनजुमला पुरेसा नाहीं एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येणार नाहीं, असें कलम १४ सांगतें. नाकारला तर कारण लेखी नोंदलें पाहिजे, आणि त्यावर अपील आहे. परंतु बंदूक मिळाली म्हणजे शिकारीची मुभा मिळाली असें नव्हे. वनखात्याच्या परवानगीवांचून रानडुकरावर गोळी झाडली तर तो गुन्हा होईल. कुंपणांत वीज सोडण्याचा अघोरी उपाय तर कोणीच करूं नये. डुकराऐवजीं शेजाऱ्याचें पोर मरतें.

शिपायांविरुद्ध आमचें वैर नाहीं. तोही शेतकऱ्याचाच मुलगा आहे, भाड्याच्या खोलींत राहतो आणि बदलीच्या धाकांत नोकरी करतो. पिस्तूलवाल्याला अडवावें तर सकाळीं वरून फोन येतो, हें त्याचें खरें दुःख आहे. म्हणून त्याच्या पाठीशीं गांवानें उभें राहिलें पाहिजे. प्रत्येक तालुक्यांत बंदुकांचे परवाने किती आहेत, याचा आंकडा दरसाल ग्रामसभेंत वाचला जावा. मिरविल्याची तक्रार आली तर त्या परवान्याची फेरतपासणी व्हावी. रस्त्यांत कोणाची झडती घेतली, त्याची नोंद ठेवावी आणि ती सर्वांसाठीं एकच असावी. जिल्हाधिकाऱ्यांना शांततेसाठीं परवाना रद्द करण्याचा अधिकार आहे. त्यानें गंज खाण्यापूर्वीं त्याचा उपयोग व्हावा.

बंधूंनो, ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्याला मान देण्याची संवय प्रथम आपण मोडली पाहिजे. मांडवांत त्याला पुढची खुर्ची आपणच देतों, जत्रेंत त्याला फेटा आपणच बांधतों, आणि त्याच्या फलकावर आपल्याच पोरांचे फोटो झळकतात. आपण पुढें होऊन सलाम करावा आणि शिपायानें मात्र परवाना विचारावा, ही अपेक्षा न्यायाची नाहीं. ग्रामसभेची पुढली तारीख लागली कीं होटगीच्या मंडळींनीं हा विषय कागदावर लिहून द्यावा, आणि त्यावर बायाबापड्यांसकट सर्वांच्या सह्या घ्याव्यात.